मदतीची वही : कॅन्सरच्या उपचारांत सोबत उभी करण्याची कृती

शेजारच्या काकूंना कॅन्सर झाल्याचं कळलं. तुम्ही लगेच गेलात, त्यांचा हात हातात घेतलात आणि निघताना म्हणालात, "काही लागलं तर हक्कानं सांगा हं." मनापासूनच म्हणालात. पण हाक येत नाही. केमोनं थकलेल्या माणसाच्या अंगात कोणाला काय सांगावं हे ठरवण्याचंही त्राण उरत नाही.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वेळी असंच झालं. मंगळवारी त्यांच्या ओट्यावर साबुदाण्याच्या खिचडीचे तीन डबे येऊन पडले आणि गुरुवारी केमोला जायला सोबत कोणीच नव्हतं. माणसं होती, माया होती. वार आणि वेळ तेवढे ठरलेले नव्हते. त्या रविवारी आम्ही एक वही आणली आणि पुढचे सात महिने ती चालवली. आज तशीच वही आपण तुमच्याकडे सुरू करू. या, टेबलाशी बसा. मी इथे 'काकू' म्हणते. तुमच्याकडे ते काका असतील, भाऊ असेल, ऑफिसातली मैत्रीण असेल. कृती तीच.

साहित्य

- शंभर पानी आखीव वही, १
- निळं पेन १, लाल पेन १
- मोठ्या चौकोनांचं भिंतीवरचं कॅलेंडर, १
- पारदर्शक पाकिटांची फाईल, १
- डिजिटल थर्मामीटर, १
- डब्यांवर नावं चिकटवायला कागदी चिकटपट्टी
- माणसं, ५ ते ८

वेळ : पहिल्या दिवशी दीड तास, नंतर दर रविवारी १५ मिनिटं.

भाग पहिला : विचारून घ्या

१. काकूंची परवानगी घ्या. एकट्या जा, घोळका नेऊ नका. सरळ म्हणा, "काकू, तुमच्या उपचारांच्या काळात आम्ही काही जण कामं वाटून घेऊ म्हणतो. चालेल का तुम्हाला?" मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या.
जपा : "नको गं, होईल आमचं," असं उत्तर आलं तर आग्रह करू नका. आठ दिवसांनी पुन्हा एकदा विचारा. पहिली केमो झाल्यावर उत्तर बऱ्याचदा बदलतं.

२. कोणाला किती सांगायचं ते काकूंकडूनच ठरवून घ्या. सोसायटीत कळलं तर चालेल का? ऑफिसात? माहेरी? त्या म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहा.
जपा : कधी घरच्यांनी पेशंटपासूनच आजाराचं नाव लपवलेलं असतं. तिथं तुम्ही तोंड उघडू नका. हा विषय डॉक्टरांसमोर काढा, एवढंच घरच्यांना सुचवा.

३. 'काय नको' ही यादी आधी करा. लागेल काय ते सांगताना माणूस संकोचतो, नको काय ते पटकन सांगतो. आमच्या काकूंनी पाच गोष्टी सांगितल्या : सकाळी नऊच्या आत फोन नको, दारात उभं राहून रडणं नको, "किती वाळलात" नको, गावठी औषधांचे पत्ते नकोत, दुसऱ्या कोणाच्या कॅन्सरची गोष्ट नको. ही यादी लाल पेनानं लिहा.

४. आता 'काय लागेल' ते घड्याळाच्या क्रमानं विचारा. "मदत काय करू?" म्हटलं की उत्तर सुचत नाही. त्याऐवजी म्हणा, "सकाळी उठल्यापासून सांगा, आधी काय करता?" मग दूध तापवण्यापासून सुरुवात होते. पाणी भरणं, धुणं वाळत घालणं, नातवाला बसथांब्यावर सोडणं, गॅसचा नंबर लावणं, बँकेत हयातीचा दाखला देणं. एकेक काम निघत जातं. प्रत्येक काम वेगळ्या ओळीवर लिहा.

५. घरात सगळं सांभाळणाऱ्या माणसाला वेगळं गाठा. काका असोत, मुलगी असो, त्यांना काकूंसमोर विचारू नका. जिन्यात किंवा गच्चीवर विचारा. आमच्या काकांनी तिथंच सांगितलं, की पंधरा दिवसांत ते सलग चार तास झोपलेले नव्हते. त्यांच्या गरजा वहीत वेगळ्या पानावर घ्या.

भाग दुसरा : माणसं जमवा

६. एक दुवा नेमा. बाहेरच्या सगळ्यांनी फक्त या एका माणसाला फोन करायचा. हे काम शांत आणि नेटक्या माणसाला द्या.
जपा : काका किंवा मुलगी यांना दुवा करू नका. "कशा आहेत आता?" हे दिवसातून वीसदा सांगण्यातच त्यांची निम्मी शक्ती जाते.

७. पाच ते आठ नावं काढा. कोणाच्या हातून काय उत्तम होतं ते नावापुढे लिहा. गाडी चालवणारा एक, मऊ स्वयंपाक करणारे दोघं, कागदपत्रांत न घाबरणारा एक, रात्रीबेरात्री उठून येईल असा एक, आणि गप्प बसून सोबत करू शकेल असा एक. तो शेवटचा माणूस फार मोलाचा. शोधाच.

८. प्रत्येकाकडून काम, वार आणि वेळ या तिन्हींचा शब्द घ्या. फोनवर असं बोला : "दर बुधवारी दुपारी साडेबाराला दोन माणसांचा डबा, सहा आठवडे. जमेल?" त्यांचा "हो" आला की लगेच वहीत नाव घाला.
जपा : "बघू, जमेल तसं" हा होकार धरू नका. त्या माणसाला आणखी छोटं काम द्या. महिन्यातून एकदा मेडिकलमधून औषधं आणणं हेही मोठंच काम आहे.

९. प्रत्येक कामाला एक बदली माणूस लावा. बुधवारी डबा करणारीला सर्दी झाली तर कोण? त्या ओळीवर दुसरं नाव कंसात लिहा. हे आजच करा; ऐन वेळी शोधाशोध झाली की भार पुन्हा काकांवरच येतो.

१०. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त कामाचा ग्रुप काढा. पहिलाच संदेश नियमांचा टाका : इथं फक्त वार, वेळ आणि "झालं" एवढंच लिहायचं.
जपा : काकूंचे रिपोर्ट, त्यांचे फोटो, कॅन्सरवरचे फॉरवर्ड केलेले संदेश, यांतलं काहीही ग्रुपवर येऊ देऊ नका. आलं तर दुव्यानं त्या माणसाला फोन करून प्रेमानं काढून टाकायला सांगावं.

भाग तिसरा : वही आखा

११. उपचारांच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं घाला. केमो, रेडिएशन, रक्ततपासणी, स्कॅन, डॉक्टरांची भेट, सगळ्या. कॅलेंडर काकूंच्या स्वयंपाकघरात लावा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडतं.

१२. केमोनंतरचे जपायचे दिवस खुणेनं दाखवा. बऱ्याच केमोंमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात आणि जंतुसंसर्ग पटकन होतो. काकूंच्या औषधाला हे दिवस नेमके कोणते ते डॉक्टरांना विचारा आणि त्या चौकोनांवर आडवी रेघ ओढा. या दिवसांत भेटीगाठी कमी.
जपा : सर्दी, खोकला, ताप, जुलाब असलेल्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. आणि हेही सगळ्यांना सांगा, की कॅन्सर स्वतः संसर्गानं पसरत नाही. काकूंच्या शेजारी बसा, त्यांच्याबरोबर जेवा, खुशाल.

१३. वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखा : तारीख, काम, कोण, झालं. एका आठवड्याला एक पान. काम झालं की चौथ्या रकान्यात बरोबरची खूण. रविवारी पान बघितलं की कुठे गळती आहे ते क्षणात कळतं.

१४. शेवटच्या पानावर तातडीची माहिती मोठ्या अक्षरांत लिहा. दवाखान्याचा दिवसाचा आणि रात्रीचा नंबर, अँब्युलन्सचा १०८, रात्री येणाऱ्या माणसाचा नंबर. त्याखाली ही ओळ चौकटीत घाला : "ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त झाला, की त्याच क्षणी दवाखान्याला फोन."
जपा : केमोच्या काळात ताप आला तर आधी गोळी देऊन सकाळपर्यंत वाट बघू नका. गोळीनं ताप दबतो, संसर्ग तसाच वाढत राहतो. थर्मामीटर वहीला दोऱ्यानं बांधूनच ठेवा.

भाग चौथा : डबा

१५. काय खायचं, काय टाळायचं, ते दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. तोंड आलेल्याला एक चालतं, मधुमेहाच्या पेशंटला दुसरं, पोटाचं ऑपरेशन झालेल्याला तिसरंच. ही यादी डबा देणाऱ्या प्रत्येकाला पाठवा.

१६. डबा देण्याच्या दिवशी सकाळी काकूंना एकच प्रश्न विचारा : "आज जिभेला काय चालेल?" केमोत चव रोज बदलते. काल आवडलेलं वरण आज कडू लागतं. स्टीलच्या चमच्यानं तोंडात धातूची चव येत असेल तर लाकडी चमचा देऊन बघा.

१७. थोडं आणि मऊ रांधा. गुरगुट्या भात, मुगाचं साधं वरण, वर तूप, दुधी भोपळ्याची भाजी, नाचणीची आंबील, पूर्ण उकडलेलं अंडं. वाटीभरच पाठवा. भरलेलं ताट बघूनच पोटात ढवळतं. अर्धी वाटी संपली की माणसाला हुरूप येतो.
जपा : फोडणी तुमच्याच घरी द्या, काकूंच्या ओट्यावर नको, त्या वासानं उलटी होते. जपायच्या दिवसांत कच्ची कोशिंबीर, उघड्यावरची चटणी, कापून विकायला ठेवलेली फळं नकोत. कालचं उरलेलंही नको.

१८. डबा दाराशीच द्या. डब्यावर तुमचं नाव आणि पदार्थाचं नाव चिकटवा, घंटी वाजवा, हसून परत फिरा. काकूंनी "आत ये ना" म्हटलं तरच आत. रिकामे डबे शनिवारी एकच माणूस सगळ्यांचे गोळा करील. काकूंनी भांडी घासून, त्यात साखर घालून परत करायची, ही रीत या काळापुरती बंद.

भाग पाचवा : दवाखाना

१९. फाईल लावा. सगळ्यात वर सध्याच्या औषधांची यादी, मग ताजा रिपोर्ट, मग त्याआधीचे, तारखेच्या क्रमानं. शेवटच्या पाकिटात आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचे कागद यांच्या प्रती.
जपा : स्लाइड आणि ब्लॉक म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे नमुने. दुसऱ्या दवाखान्यात हेच मागतात. ते कुठे आहेत ते फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

२०. आदल्या रात्री पिशवी भरा. शाल, मोजे, पाण्याची बाटली, खाकरा किंवा कोरडी बिस्किटं, फोनचा चार्जर, नॅपकिन, उलटीसाठी दोन पिशव्या, केस गेले असतील तर मऊ सुती रुमाल. पिशवी दाराजवळ ठेवा. सकाळी शोधाशोध नको.

२१. डॉक्टरांसाठी तीन प्रश्न लिहा. तीनच. काकूंना विचारून, त्यांच्या महत्त्वाच्या क्रमानं. ओपीडीत नंबर लागेपर्यंत तीन तास जातात आणि आत पाच मिनिटं मिळतात. कागद हातात असला की काही राहून जात नाही. उत्तरं तिथंच लिहून घ्या.

२२. सलाइन चालू असताना फक्त सोबत करा. खुर्ची काकूंच्या उजेडाकडच्या बाजूला घ्या, शाल पायावर नीट टाका, पाणी हाताशी ठेवा. त्या बोलल्या तर बोला. डोळे मिटले तर तुम्ही पुस्तक काढा. आमच्या वहीतला तो गप्प बसणारा माणूस म्हणजे चौथ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. दर केमोला तीन तास पेपर वाचत बसत आणि मधूनच शब्दकोड्यातला एक शब्द काकूंना विचारत. काकूंना गुरुवारी तेच सोबतीला हवे असत.

भाग सहावा : पैसा आणि कागद

२३. दवाखान्याच्या समाजसेवा विभागात जा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत असा विभाग असतो. तिथल्या सोशल वर्करला फाईल दाखवा आणि विचारा, "आम्हाला कोणकोणती मदत मिळू शकते?" सांगितलेली प्रत्येक वाट वहीत लिहा.
जपा : लाजू नका आणि उशीर करू नका. दागिने मोडल्यावर जाण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात जा.

२४. आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं आणि कॅन्सरचे अनेक उपचार त्यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि ओळखपत्र बरोबर न्या. चौकशीचा नंबर १५५३८८.
जपा : मंजुरी उपचारांच्या आधी घ्यायची असते. पैसे भरून झाल्यावर "आता परत मिळतील का?" म्हणत फिरायची वेळ येऊ देऊ नका.

२५. खासगी रुग्णालय असेल तर ते धर्मादाय आहे का, ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.

२६. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून घ्या. उपचारांसाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला त्यात ७५ टक्के सवलत. ठरावीक नमुन्यावर रुग्णालयाची सही आणि शिक्का लागतो. तो फॉर्म आरक्षणाच्या खिडकीवर द्या. एसटीच्या आगारातही सवलतीची चौकशी करा.
जपा : तत्काळच्या तिकिटाला सवलत नाही. पुढची तारीख मिळाली की त्याच दिवशी तिकीट काढा.

२७. गावाहून मुंबईला जायचं असेल तर राहण्याची सोय आधी करा. परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा इथं पेशंट आणि नातेवाईक अत्यल्प खर्चात राहतात. रुग्णालयाची चिठ्ठी लागते का आणि जागा आहे का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारा.
जपा : रात्रीच्या गाडीनं उतरून "बघू तिथं गेल्यावर" असं करू नका. पेशंटला फुटपाथवर बसायची पाळी येते.

भाग सातवा : मन

२८. भेटीला वीस मिनिटं ठरवा आणि पाळा. जाण्यापूर्वी दुव्याला विचारा. हात साबणानं धुऊन आत जा, खुर्चीत बसा, पलंगावर नको. रोजचं बोला : भाजीचे भाव, सोसायटीची मीटिंग, कालची मालिका.
जपा : "तुम्ही फायटर आहात", "सकारात्मक राहा" हे टाळा. ज्या दिवशी रडू येतं त्या दिवशी काकूंना आपलंच काही चुकतंय असं वाटतं. काय बोलावं सुचलं नाही तर तेच सांगा : "काय बोलावं कळत नाहीये काकू, पण बसावंसं वाटलं." एवढं पुष्कळ होतं.

२९. त्याच वाटेनं गेलेल्या माणसाशी गाठ घालून द्या. तुम्ही कितीही माया केलीत तरी नखं काळी पडल्यावर कसं वाटतं, हे तिथून गेलेल्यालाच कळतं. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन, इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन अशा संस्था पेशंट आणि कुटुंबांना आधार देतात. तुमच्या शहरातला गट कोणता, ते सोशल वर्कर सांगतील. शक्यतो त्याच प्रकारच्या कॅन्सरचं, जवळपासच्या वयाचं माणूस मागा. पहिली भेट फोनवर.
जपा : गाठ काकूंच्या इच्छेनंच. आणि औषधाचा निर्णय अशा गप्पांवरून कधीही बदलायचा नाही.

३०. मन खचल्याच्या खुणांवर लक्ष ठेवा. दोन आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, "आता पुरे झालं" असं वारंवार बोलणं, यांतलं काही दिसलं तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा आणि समुपदेशकाची भेट मागा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. तो शेवटच्या पानावर लिहा.
जपा : जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर विषय बदलू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

३१. काकांना आठवड्यातून तीन तास मोकळे करून द्या. वार ठरवा. त्या वेळी वहीतला एक माणूस घरी बसेल. काका झोपोत, केस कापून येवोत, नाहीतर बागेत नुसते बसोत. कुठे गेला होतात, हे विचारू नका.

३२. काकूंकडूनही एक काम घ्या. नुसतं घेत राहण्यानं माणूस आतून लहान होत जातो. आमच्याकडे पाचवी केमो झाल्यावर काकूंनी खालच्या मुलीला बसल्या बसल्या शुद्धलेखन घालायला सुरुवात केली. रोज दहा ओळी. त्या दिवशी वहीत 'कोण' या रकान्यात पहिल्यांदा काकूंचं नाव आलं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, अक्षर थोडं थरथरलं होतं.
जपा : काम त्यांनीच निवडायचं. थकवा असेल तर त्या दिवशी सुट्टी, कारण न विचारता.

भाग आठवा : पुढे

३३. शेवटची केमो झाली म्हणून वही मिटू नका. लोक पेढे खातात आणि पांगतात. थकवा मात्र पुढेही कित्येक महिने राहतो. डबे आठवड्याला पाचावरून तीन, मग एक असे हळूहळू कमी करा. पुढच्या तपासण्यांच्या तारखा कॅलेंडरवर घाला आणि त्यांच्या आधीच्या दोन संध्याकाळी कोणाला तरी काकूंकडे चहाला पाठवा. रिपोर्टची वाट बघणं एकट्यानं होत नाही.

३४. वेदना किंवा त्रास आवरत नसेल तर पॅलिएटिव्ह केअर विभागाची भेट मागा. दुखणं, धाप, मळमळ, मनाची घालमेल यांवर इलाज करणारी ही तज्ज्ञ मंडळी आहेत. पुण्यात वारजे इथं सिप्लाचं केंद्र आहे. आजार फार पुढे गेला असेल तर मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यात लोटलीला शांती आवेदना सदन आहे. या ठिकाणी पेशंटकडून पैसे घेत नाहीत.
जपा : "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले" असं समजून टाळू नका. पॅलिएटिव्ह केअर मूळ उपचारांबरोबर सुरुवातीपासूनही घेता येते, आणि जितकी लवकर तितकी बरी.

३५. रविवारी संध्याकाळी वही उघडा. गेल्या आठवड्याचं पान बघा. चौथा रकाना रिकामा राहिलेलं काम शोधा, ते कोणाला जड जात होतं ते विचारा, नाव बदला. मग नवं पान उलटा, चार रकाने आखा, सोमवारची तारीख घाला आणि पहिल्या ओळीवर एक नाव लिहा. या आठवड्यापुरतं ते तुमचंच असू द्या.